शेऱ्याच्या कॉलममधलं बरोबर-चिन्ह (=): प्रकल्प नोंदी, सांगली

सोमवार, २ डिसेंबर २०२४

शीतगृहाच्या अकाउंटंट काकांचा सकाळी फोन. जावक रजिस्टरची फाइल एक्सेलमध्ये उघडली की शेऱ्याच्या कॉलममध्ये मध्येच ‘#नेम?’ येतं. “पार्टीला प्रिंट द्यायची असती ओ, असलं काय दाखवायचं?”

डेटाबेस उघडून पाहिला. गेटवरच्या माणसाने शेऱ्यात रोमन अक्षरांत ‘-ओके’ लिहिलंय, पुढे एक डॅश. आपलं सॉफ्टवेअर रजिस्टर सीएसव्ही फाइलमध्ये (साधा मजकूर, कॉलम स्वल्पविरामाने वेगळे) काढून देतं. एक्सेलने त्या डॅशला वजाबाकीचं चिन्ह मानलं, पुढे ‘ओके’ नावाची काही किंमत शोधली, ती सापडली नाही, म्हणून चूक दाखवली.

काकांच्या लेखी हा दिसण्याचा दोष. मी मात्र या तक्रारीच्या तिकिटाचं प्राधान्य वर नेलं. माणसाने शेरा म्हणून लिहिलेला मजकूर एक्सेल सूत्र म्हणून चालवतंय, ही त्यातली खरी गोष्ट. ‘ओके’च्या जागी कोणी मुद्दाम विचार करून काही लिहिलं, तर तेही चालेल. हे सॉफ्टवेअर आपण गेल्या वर्षी देखभालीला घेतलं, तेव्हापासून एक्सपोर्टच्या भागाला कुणी हात लावलेला नाही. आता लावायचा. बेदाण्याची नवी आवक फेब्रुवारीत सुरू होईल, त्याच्या आत.

मंगळवार, ३ डिसेंबर

आज फक्त वाचन. या त्रुटीला सीएसव्ही इंजेक्शन किंवा फॉर्म्युला इंजेक्शन म्हणतात. त्रुटींच्या सीडब्ल्यूई यादीत तिचा क्रमांक १२३६. सुरक्षा संशोधक जेम्स केटल यांनी २०१४ मध्ये तिच्याबद्दल सविस्तर लिहिलं, तेव्हापासून ती सुरक्षेच्या लोकांना चांगली ठाऊक आहे.

सीएसव्हीत कॉलमला प्रकारच नसतो. तिचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात (२००५) स्वल्पविराम, अवतरण चिन्ह आणि ओळ यांचे नियम आहेत. हा आकडा, हा मजकूर, हे सूत्र असं सांगायची सोय नाही. त्यामुळे उघडणारा प्रोग्राम अंदाज करतो. सेलची सुरुवात =, +, - किंवा @ ने झाली की एक्सेल त्याला सूत्र धरतं. ओवॅस्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेच्या संस्थेच्या यादीत टॅब आणि कॅरेज रिटर्न ही न दिसणारी चिन्हंही आहेत, आणि काही भाषांच्या सेटिंगमध्ये त्याच चिन्हांची रुंद रूपंही चालतात.

सूत्र चाललं तर काय काय होऊ शकतं? सगळ्यांत गाजलेला प्रकार डीडीईचा. १९८७ पासूनची विंडोजची सोय, एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागायची. तिचा वापर करून सेलमधल्या सूत्रातून संगणकावरचा दुसरा प्रोग्राम सुरू करता यायचा. आताच्या एक्सेलमध्ये हे मूळ सेटिंगमध्ये बंद असतं आणि आधी इशारा येतो. म्हणून बऱ्याच मोठ्या कंपन्या ही त्रुटी शोधून कळवणाऱ्याला बक्षीस देत नाहीत: फाइल उघडणाऱ्या प्रोग्रामने काळजी घ्यावी, असं त्यांचं म्हणणं.

मला ते पटत नाही. आपल्या ग्राहकाच्या टेबलावर कुठलं एक्सेल आहे, इशारा आला की तिथला माणूस काय करतो, हे पाहिल्याशिवाय असं म्हणता येणार नाही. शिवाय फाइल त्याने आपल्या बटणावरून घेतलेली असते, आपल्याच भरवशावर.

गुरुवार, ५ डिसेंबर

चाचणी सर्व्हरवर एक खोटा खातेदार तयार केला. शेतकऱ्याला मोबाइलवरून स्वतःची नोंदणी करता येते, ओटीपी एवढीच अट. म्हणजे ज्याच्याकडे सिमकार्ड आहे त्याला नाव, गाव, गट नंबर आणि शेरा या जागांत हवं ते लिहिता येतं.

गावाच्या जागी हायपरलिंकचं सूत्र टाकलं. पत्ता माझ्याच लॅपटॉपवरच्या सर्व्हरचा आणि त्या पत्त्याच्या शेपटाला वरच्या ओळीतल्या बँक खात्याच्या सेलची किंमत जोडलेली. दिसायला मजकूर ठेवला ‘गाव तपासा’. मग कार्यालयाच्या लॉगिनने खातेदार यादी डाउनलोड केली आणि उघडली.

यादीत सगळ्या गावांच्या मध्ये एक निळी, खाली रेघ असलेली ‘गाव तपासा’ अशी ओळ. कुणालाही वाटेल की सॉफ्टवेअरनेच काही तपासायला सांगितलंय. क्लिक केलं, ब्राउझर उघडला, रिकामं पान आलं. इकडे माझ्या सर्व्हरच्या लॉगमध्ये वरच्या खातेदाराचा खाते क्रमांक पूर्ण उमटलेला. मॅक्रो नाही, व्हायरस नाही, अँटिव्हायरसला पकडायला काहीच नाही.

तीच फाइल गूगल शीट्समध्ये चढवली. आयात करताना ‘मजकुराचं आकडे, तारखा आणि सूत्रांत रूपांतर करा’ हा चौकोन असतो. तो टिचकवलेला राहिला की सूत्र जिवंत. तिथे इम्पोर्टडेटासारखी सूत्रं क्लिकशिवायच बाहेरचा पत्ता उघडू शकतात. आता गूगल आधी परवानगी विचारतं, ही चांगली गोष्ट. पण आपल्याच कार्यालयाची खातेदार यादी आहे म्हटल्यावर ‘परवानगी द्या’ दाबायला कोण थांबतं?

आणखी एक प्रकार मला यापेक्षा वाईट वाटला. सूत्राने बाहेर काही पाठवायलाच हवं असं नाही. पडद्यावर एक आणि डेटाबेसमध्ये दुसरं असं ते दाखवू शकतं. ज्या जागेत मोकळा मजकूर चालतो तिथे सूत्र टाकून शेजारच्या खातेदाराचं नाव किंवा पेट्या दाखवता येतात. रजिस्टर छापलं की सूत्र जातं, खोटी किंमत कागदावर राहते. आणि इकडे भांडण झालं की पुरावा म्हणून कागदच पुढे येतो.

सोमवार, ९ डिसेंबर

कुपवाडला शीतगृहात जाऊन आलो. फाइल एकदा डाउनलोड झाली की पुढे कुठे कुठे जाते ते पाहायचं होतं.

कार्यालयातल्या ताई इंटरनेटच्या संगणकावर फाइल घेतात. तिथून ती पेन ड्राइव्हवर अकाउंटच्या संगणकाला जाते, कारण त्याला इंटरनेट मुद्दाम दिलेलं नाही. तिथे ऑफिस २००७ आहे. मायक्रोसॉफ्टने त्याची देखभाल ऑक्टोबर २०१७ मध्ये थांबवली, आणि बाहेरची फाइल आधी फक्त वाचण्यापुरती उघडणारा प्रोटेक्टेड व्ह्यू तर ऑफिस २०१० पासून आला, म्हणजे या संगणकावर तो नाहीच. मॅनेजर साहेबांच्या लॅपटॉपवर नवं ऑफिस आहे, पण त्यांनाही फाइल पेन ड्राइव्हवरच मिळते.

इथे एक गोष्ट नीट नोंदवून ठेवतो. इंटरनेटवरून आलेल्या फाइलला विंडोज एक खूण लावतं. ती खूण पाहूनच नवं ऑफिस फाइल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये उघडतं. ही खूण एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच टिकते. बहुतेक पेन ड्राइव्ह फॅट ३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात, त्यांच्यावर कॉपी झाली की खूण गळून पडते. मग मॅनेजर साहेबांच्या नव्या ऑफिसलाही ती फाइल घरचीच वाटते. इंटरनेट तोडून अकाउंटचा संगणक सुरक्षित ठेवायचा हा विचार योग्यच होता, पण त्याच वाटेने एक संरक्षण गेलं. यात तिथल्या कुणाची चूक नाही. आपण देतो ती फाइलच निर्धोक हवी.

काकांना विचारलं, सीएसव्ही सोडून दुसरं काही चालेल का? “मला एक्सेल पाहिजे बघा. बेरीज लागली पाहिजे आणि गट नंबरची तारीख व्हायला नको.”

गट नंबरचं मी विसरणार नाही. १२/३ हा गट आणि हिस्सा एक्सेल १२ मार्च करून टाकतं. बँक खात्याचा क्रमांक १५ अंकांहून मोठा असला की पुढचे अंक शून्य होतात. +९१ ने सुरू होणाऱ्या मोबाइल नंबरातला अधिक गायब होतो. काका हे सगळं हाताने दुरुस्त करत बसतात. या तक्रारी आणि सुरक्षेचा प्रश्न एकाच मुळाचे आहेत: फाइल उघडताना एक्सेलला अंदाज करावा लागतो.

बुधवार, ११ डिसेंबर

टीममधल्या धाकट्या सहकाऱ्याचं मत: “दादा, नोंदणीच्या फॉर्ममध्येच ही चार चिन्हं बंद करू या. आत आलंच नाही तर बाहेर जाईल कसं?”

त्याच्याशी बराच वेळ बोललो. पहिली अडचण, आपल्याकडे माहिती फक्त त्या फॉर्ममधून येत नाही. जुन्या वर्षांच्या नोंदी एक्सेलमधून चढवलेल्या आहेत, वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरकडून आकडे येतात, गेटवर वेगळा टॅबलेट आहे. दुसरी अडचण, शेऱ्यात ‘-’ किंवा ‘+’ लिहिणारा माणूस गुन्हा करत नाही. ‘+२ पेट्या नंतर आल्या’ हा अगदी सरळ शेरा आहे. वेब पानावर तो निरुपद्रवी असतो, एक्सेलमध्ये धोक्याचा होतो. धोका ज्या दारातून बाहेर पडताना तयार होतो, बंदोबस्त त्याच दाराशी हवा.

पण त्याच्या म्हणण्यातला एक भाग घेतला. ज्या माहितीला ठरलेला आकार आहे तिथे फॉर्म कडक करायचा. मोबाइल: १० अंक. आयएफएससी: ११ जागा, पहिली ४ अक्षरं, पाचवा शून्य. खाते क्रमांक: फक्त अंक. असल्या जागांत बरोबर-चिन्ह शिरायला वावच उरत नाही.

मग त्यालाच बाहेर पडणारी सगळी दारं शोधायला बसवलं. आवक, जावक, भाडं बाकी, खातेदार यादी, लॉट रजिस्टर हे माहीत होतं. त्याने आणखी एक काढलं, आणि ते फार मोलाचं: लॉगिनची नोंदवही. चुकलेल्या लॉगिनमध्ये समोरच्याने टाकलेलं नाव आणि ब्राउझरची ओळख जशीच्या तशी लिहिली जाते, आणि प्रशासकाला ती सीएसव्हीत काढता येते. म्हणजे ज्याचं खातंच नाही, ज्याला ओटीपीचीही गरज नाही, असा कुणीही बाहेरचा माणूस नावाच्या जागी सूत्र टाकू शकतो, आणि ते उघडणार सगळ्यांत जास्त अधिकार असलेला माणूस. नोंदणीच्या फॉर्मवर पहारा ठेवून हे कधीच थांबलं नसतं. त्याला स्वतःलाच हे सापडलं, हे फार बरं झालं.

शुक्रवार, १३ डिसेंबर

सगळीकडे सांगितला जाणारा उपाय करून पाहिला: प्रत्येक सेल दुहेरी अवतरणात, आतलं अवतरण दुप्पट, आणि धोक्याच्या चिन्हाने सुरुवात असेल तर पुढे एक एकेरी अवतरण. पहिल्या दोन गोष्टी हव्यातच, नाहीतर मजकुरात स्वल्पविराम घालून कुणी मध्येच नवा सेल सुरू करतो आणि सुरुवातीचं चिन्ह तपासून उपयोग होत नाही. अडलं तिसऱ्या गोष्टीपाशी.

भाडं बाकीच्या रजिस्टरमधल्या तीन ओळी घेतल्या. बाकी १२,०००. जादा भरणा, म्हणून -४,५००. बाकी ८,२५०. बेरीज १५,७५० यायला हवी. नियम सरसकट लावल्यावर मधल्या आकड्याच्या पुढे एकेरी अवतरण आलं, तो मजकूर झाला, आणि एक्सेलची बेरीज मजकूर गुपचूप सोडून देते. उत्तर आलं २०,२५०. लाल खूण नाही, इशारा नाही. एखाद्या शेतकऱ्याने जादा भरलेले पैसे बेरजेतून नाहीसे झाले असते, तेही सुरक्षेच्या नावाखाली.

दुसरं: सीएसव्ही उघडल्यावर ते अवतरण सेलमध्ये सरळ दिसतं. ‘-ओके’च्या पुढे टिंबासारखी खूण पाहून कुणीतरी सेलमध्ये जाऊन एफ २ आणि एंटर दाबणार. तसं केलं की एक्सेल त्या अवतरणाला स्वतःची खूण समजून लपवून टाकतं. मग फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की अवतरण जातं आणि पुढच्या वेळी उघडताना सूत्र पुन्हा जिवंत. हे मी करून पाहिलं. माणसांच्या हातात फिरणाऱ्या फाइलसाठी हा उपाय कच्चा आहे असं माझं मत झालं.

मंगळवार, १७ डिसेंबर

निर्णय: माणसाने उघडायची प्रत्येक फाइल एक्सएलएसएक्स (एक्सेलचा स्वतःचा फाइल प्रकार), आणि प्रत्येक कॉलमचा प्रकार आपण ठरवलेला.

एक्सएलएसएक्स म्हणजे खरं तर झिप, आत एक्सएमएलच्या फायली. सूत्र असेल तर सेलमध्ये ‘एफ’ नावाचा टॅग असतो, मजकूर असेल तर नुसता मजकूर म्हणून लिहिलेला असतो. त्यामुळे मजकूर ‘=’ ने सुरू झाला तरी एक्सेलला अंदाज करायची वेळ येत नाही. बाकी रक्कम आकडा म्हणून जाते, उणे असली तरी आकडाच. गट नंबर, मोबाइल, खाते क्रमांक मजकूर म्हणून. मराठी नावं यूटीएफ-८ मध्येच असतात, चौकोन दिसायचा प्रश्न नाही.

पण फाइलचा प्रकार बदलला की काम संपलं, असं समजणं धोक्याचं. पायथन भाषेत अशा फायली लिहिणारी ओपनपायएक्सएल ही लायब्ररी वापरली तर ‘=’ ने सुरू होणारा मजकूर ते आपण होऊन सूत्र म्हणून लिहितं. एक्सएलएसएक्सरायटर या दुसऱ्या लायब्ररीची साधी ‘राइट’ पद्धतही तेच करते. पांडाज ही तक्त्यांची लायब्ररी यांच्यापैकीच एकाकडून फाइल लिहून घेते, म्हणजे तिथेही तेच. सीएसव्हीत निदान एक्सेल अंदाज करत होतं. इथे आपलाच प्रोग्राम सूत्र बनवून हातात देतो.

आपण एक्सएलएसएक्सरायटर घेतलं. मजकुराच्या कॉलमसाठी फक्त ‘राइट-स्ट्रिंग’, आकड्यासाठी ‘राइट-नंबर’, आणि वर ‘स्ट्रिंग्ज-टू-फॉर्म्युलाज’ व ‘स्ट्रिंग्ज-टू-यूआरएल्स’ हे दोन्ही पर्याय बंद. दुसरा पर्याय अशासाठी की नुसता पत्ता लिहिला तरी ते लिंक बनवतं. मजकुराच्या कॉलमला ‘टेक्स्ट’ हे स्वरूपही लावलं. ते का, तर साध्या सेलमधल्या ‘=’ वाल्या मजकुरावर कुणी एफ २, एंटर केलं की एक्सेल त्याचं सूत्र करतं; टेक्स्ट स्वरूप असेल तर तो मजकूरच राहतो.

स्वयंचलित चाचणी अशी: प्रत्येक रजिस्टरमध्ये धोक्याच्या सगळ्या चिन्हांनी सुरू होणारा मजकूर भरायचा, फाइल काढायची, झिप उघडायची आणि ‘एफ’ टॅग शोधायचा. शेवटच्या बेरजेच्या ओळीत आपण स्वतः घातलेली सूत्रं सोडून कुठेही तो सापडला तर चाचणी नापास. तपासणी तयार फाइलवर आहे, कोडवर नाही. उद्या लायब्ररी बदलली, तिची आवृत्ती बदलली, तरी ती लागू राहील.

गुरुवार, १९ डिसेंबर

सगळी एक्सपोर्ट बटणं आता एकाच मॉड्यूलमधून जातात. त्याच्या बाहेर कुणी सीएसव्ही किंवा एक्सेल लिहिणारा कोड घातला तर बिल्ड, म्हणजे नवी आवृत्ती तयार होणं, थांबतो. लॉगिनची नोंदवहीही यातच.

सोमवार, २३ डिसेंबर

राहिली बँकेची फाइल. अडत्यांकडून आलेले पैसे शेतकऱ्यांच्या खात्यावर एकदम वर्ग करण्यासाठी बँकेच्या पोर्टलवर ठरलेल्या साच्यातली सीएसव्ही चढवावी लागते. तिथे एक्सएलएसएक्स चालत नाही, आणि जादा अवतरण चिन्ह आलं तर ओळ परत येते.

ही फाइल मशीनने वाचायची आहे, त्यामुळे तिच्यात मजकुराला काहीही चिकटवायचं नाही असं ठरवलं. त्याऐवजी गाळणी. नाव, खाते क्रमांक, आयएफएससी, रक्कम यांतली एखादी जरी ठरलेल्या आकारात बसली नाही तर पूर्ण फाइल थांबते आणि कुठल्या खातेदारापाशी अडलं ते पडद्यावर येतं. ती ओळ वगळून बाकीची फाइल देण्याचा पर्याय सहकाऱ्याने सुचवला होता. मी नको म्हटलं. वगळलेल्या शेतकऱ्याला पैसे आले नाहीत हे त्याच्या लक्षात यायला आठवडा जाईल, आणि तो फेऱ्या मारत बसेल.

तरी ताई ही फाइल चढवण्याआधी एक्सेलमध्ये उघडून पाहतात, हे आज कळलं. उघडून सेव्ह केली की मोठे खाते क्रमांक बिघडतात, म्हणजे पैसे अडकतात किंवा भलत्याच खात्यावर जाण्याची भीती. त्यांना पाहायला काहीतरी हवं हे रास्त आहे. बँकेच्या फाइलबरोबर आता त्याच माहितीची एक्सएलएसएक्स प्रत निघते, नावातच ‘पाहण्यासाठी’ असं लिहिलेली. दुसरीच्या नावात ‘बँकेसाठी, उघडू नये’.

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

काल रात्री नवी आवृत्ती चढवली. आज कुपवाडला थांबून काकांबरोबर प्रत्येक रजिस्टर काढून पाहिलं. ऑफिस २००७ मध्ये फायली नीट उघडतात. ‘-ओके’ जसंच्या तसं दिसतं. गट नंबर गट नंबरच राहिले, यावर ते सगळ्यांत खूश.

डेटाबेसमध्ये आधीपासून असलेल्या नोंदीही तपासल्या. धोक्याच्या चिन्हांनी सुरू होणाऱ्या ज्या सापडल्या त्या सगळ्या साध्या शेऱ्याच्या. मुद्दाम टाकलेलं सूत्र एकही नाही. त्या नोंदी बदललेल्या नाहीत. लोकांनी लिहिलंय ते तसंच राहू दे.

मालकांशी दोन गोष्टी बोललो. एक, अकाउंटच्या संगणकावरचं ऑफिस बदलणं. हंगामाच्या आधी करू म्हणाले. दोन, जुन्या सीएसव्ही फायली. त्या पेन ड्राइव्हवर, मेलमध्ये, लॅपटॉपवर पडून आहेत, आणि त्यात शेतकऱ्यांचे खाते क्रमांक आहेत. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हे त्यांना सांगितलं. पण ते त्या आकड्यापेक्षा “आपल्या लोकांचे नंबर बाहेर जायला नकोत” यावर जास्त बोलले. ताई सोमवारपासून जुन्या फायली गोळा करून काढून टाकतील. हिशेबाला लागणारी रजिस्टरं नव्या बटणावरून पुन्हा काढून द्यायची आहेत, ते काम आपल्याकडे. २०२१ पासूनची वर्षं, आधी भाडं बाकी.